वासंतीकाकूंच्या दगडावरची ओळ

वसुंधरा, गाझियाबाद
११ जून २०२५

प्रिय सुखदा,

सलाम. तुमच्या घरचा हा शब्द मला अजून सुटत नाही. सोडायला सांगितलंस तर सोडेन.

फोन, व्हॉट्सॲप, इन्स्टा, पैसे पाठवायचं ॲप, सगळीकडून तू मला ब्लॉक केलंयस. पोस्टमनला ब्लॉक करायचं बटण नाही, म्हणून हे पत्र. पत्ता तेजश्रीनं दिला. तिच्यावर चिडू नकोस. तीन आठवडे ती ‘नाही म्हणजे नाही’ म्हणत होती, शेवटी कंटाळून दिला. तुझी मैत्रीण चांगली आहे यार, माझ्यासारख्या माणसाला तिनं इतके दिवस झुलवलं.

कशी आहेस? पुणं मानवलं का? हॉस्टेलमध्ये जेवण बरं मिळतं ना? काकांच्या तब्येतीचं अधूनमधून कानावर येतं. बीपी सध्या आटोक्यात आहे म्हणे.

माझी बातमी अशी, की मी कॉलेज सोडलं. सहाव्या सेमिस्टरला बसलोच नाही. बाबा माझ्याशी बोलत नाहीत. म्हणजे बोलतात, पण आईमार्फत. ‘त्याला विचार, मीठ हवंय का.’ मी समोर दोन फुटांवर. हवं असलं तरी मी नको म्हणतो. तू म्हणायचीस ना, तुझं डोकं म्हणजे कुकर नाही, कुकरला निदान शिट्टी असते.

आणि काम काय करतो, ते ऐकून हसशील किंवा हसणार नाहीस. मी कबरींचे दगड धुतो. धुतो, सांधतो, कललेले सरळ करतो. इथल्या जुन्या कबरस्तानात एका माणसाच्या हाताखाली शिकतोय. आई म्हणते, ‘लोकांची मुलं नोएडात लॅपटॉप घेऊन बसतात, आमचा थडगी घासतो.’ घरात शिरण्याआधी बूट बाहेर, कपडे बादलीत, सरळ अंघोळ. रोजचं सुतक असल्यासारखं. शेजारच्या शर्मा आंटींना मात्र तिनं सांगितलंय, ‘हेरंब हेरिटेज में है.’

काल इथे पंचेचाळीस होतं. आम्ही पहाटे पाचला सुरू करतो आणि नऊला ब्रश खाली ठेवतो. त्यानंतर दगडाला हात लावता येत नाही. पहिल्या आठवड्यात मी शहाणपणा करून दहा वाजता एका पाटीवर बादलीभर पाणी ओतायला निघालो, तर मला शिकवणाऱ्यांनी माझं मनगट धरलं. म्हणाले, ‘तापल्या तव्यावर गार पाणी वततो का तू? दगड हाय तो, तडकंल.’ मला तोवर वाटायचं दगड म्हणजे दगड, त्याला काय होतंय. इथलं ऊन, लूचा तापलेला वारा, मग पाऊस, मग थंडीतला धूर, यात दगडसुद्धा झिजतो, सुखदा. लाल दगडाचे पापुद्रे सुटतात, फुगलेल्या पोळीसारखे. संगमरवरावर गाड्यांच्या धुराची काळी खपली धरते. ती खरवडायची नसते. मुलतानी माती आणि भिजवलेला कागद कालवून तिच्यावर थापायचा, वर प्लॅस्टिक बांधायचं आणि दोन दिवस तिकडे फिरकायचं नाही. माती हळूहळू डाग ओढून घेते. याला ‘लेप’ म्हणतात हे मला त्यांच्याकडून कळलं. ते म्हणतात माझी मराठी भाजीवाल्याकडून आणल्यासारखी आहे, निम्मी हिंदी आणि वरून फुकटची कोथिंबीर.

लोखंडी ब्रश चालत नाही. शेवाळ बांबूच्या काडीनं काढायचं. साबण नाही, रिठ्याचं पाणी. आणि ॲसिड तर

हे राहू दे.

मला आठ मार्चबद्दल लिहायचंय. मेट्रोच्या जिन्यात मी जे बोललो ते. तू एवढंच म्हणालीस, की मम्मीचा दगड आता बघवत नाही, दोन नोव्हेंबरपासून, तुमच्या मृतांच्या दिवसापासून, झोप लागत नाही. आणि मी लोकांसमोर ओरडलो, ‘एका दगडाचं किती दिवस रडणार आहेस?’ तू सरळ खाली उतरून गेलीस. मागून एक बाई मला म्हणाली, ‘शर्म करो बेटा.’ मी तिच्याशीपण भांडलो.

तो दगड म्हणजे काय होता, हे माझ्याइतकं बाहेरच्या कुणाला माहीत नसेल. एप्रिल एकवीसमध्ये काकू हॉस्पिटलला निघाल्या तेव्हा तू पॉझिटिव्ह, आतल्या खोलीत बंद. त्यांनी तुझ्याच स्केचपेननं कॅलेंडरच्या पाठीवर मोठ्या अक्षरात लिहिलं आणि फ्रिजला चिकटवलं: ‘जेवून घ्या. येते मी.’ ‘जेवून’च्या खाली दोन रेघा. मातीला तुला जाता आलं नाही. वर्षानं, माती बसल्यावर, काकांनी दगड बसवला आणि नावाखाली तेच अक्षर, त्यांच्याच वळणात, कोरून घेतलं. कारागिरानं तो कागदच दगडावर चिकटवला आणि त्यावरून टाकी चालवली. कागद गेला, अक्षर दगडात उतरलं. काका म्हणाले होते, ‘जाऊ दे कागद. कागद काय राहतो.’

ते अक्षर मागच्या वर्षी कुणीतरी ॲसिड ओतून घालवलं, आणि त्यावर मी तुला म्हणालो, किती रडशील.

सुखदा, मी तसा माणूस नाही, असं लिहिणार होतो. पण मी तेव्हा तसाच होतो. का होतो त्याचं कारण आहे. ते आज लिहायला जमत नाही. उजवा हात रिठ्यानं सोलवटलाय असं समज.

उत्तर पाठव असं म्हणत नाही. पत्र फाडू नकोस, एवढंच. आणि फाडलंस तर मला कळणार नाही, तेही बरंच.

तुझाच (अजून),
हेरंब


९ सप्टेंबर २०२५

प्रिय सुखदा,

सलाम.

तुझं पोस्टकार्ड आलं. बाबांनीच पेटीतून काढलं, वाचलं असणार, कारण त्या दिवशी त्यांनी मला थेट विचारलं, ‘चहा घेणार?’ पाच महिन्यांत पहिल्यांदा.

तू चार ओळी लिहिल्यास. ‘पत्रं पाठवू नकोस. पण खरंच काम येत असेल तर मम्मीचा दगड बघ. दोन नोव्हेंबरला पप्पांना तो तसा बघावा लागू नये. त्या अंबादासला मात्र हात लावू देऊ नकोस.’

मी त्या चार ओळी किती वेळा वाचल्या ते सांगत नाही. तू मला काम सांगितलंस. माझ्या हातात दिलंस. तुझा दगड, दुसऱ्या कुणाच्या नाही, माझ्या. आठवडाभर मी असा चालत होतो की रिक्षावाल्यांनी कट मारला तरी भांडलो नाही.

पण चौथ्या ओळीमुळे हे पत्र लिहावं लागतंय, तू नको म्हणत असताना. मी ज्यांच्याकडे शिकतो ते अंबादासच आहेत. तुमच्या कबरस्तानातून त्यांना काढलं ते. जूनच्या पत्रात मी नाव लिहिलं नाही, कारण लिहिलं असतं तर तू पहिल्या ओळीलाच पत्र फेकलं असतंस.

मार्चनंतर मी त्यांना शोधत गेलो. नव्या चौकीदारानं सांगितलं, गाझियाबादला असतो, जुन्या कबरस्तानात, लोकांच्या कबरी बघतो. माझ्याच घरापासून पाच किलोमीटर. गेलो तर ते उकिडवे बसून एका लहान मुलाच्या दगडावरची माती पुसत होते. मला ओळखलं. ओळखणारच. मागच्या दोन नोव्हेंबरला मीच त्यांची कॉलर धरली होती. आठवत असेल तुला. काका काळेठिक्कर पडले होते, तू दगडावर हात फिरवत होतीस, त्यांच्या शेडमागे ॲसिडची बाटली सापडली, आणि मी साठीच्या माणसाची कॉलर धरून हलवलं. ते फक्त म्हणाले, ‘म्या नाय टाकलं.’ दोनदा. कबरस्तानाच्या कमिटीनं तिथेच सांगितलं, उद्यापासून येऊ नका. बावीस वर्षं त्या जागेत होते ते. श्रीरामपूरकडून एका पाद्रीसाहेबांबरोबर आले आणि तिथेच राहिले.

मी समोर उभा राहिलो. त्यांनी पाच मिनिटं वाट बघितली असेल. मग पिशवीतून दुसरा ब्रश काढला आणि म्हणाले, ‘हुभाच राहणार का? ह्या कडेनं घे. खालून वर. वरून खाली घेतलं तर मळ उतरून डाग पडतोय.’

तेव्हापासून मी त्यांच्याकडे आहे.

आता दगडाची बातमी. पाऊस या वर्षी खूप झाला, यमुनेचं तू ऐकलंच असशील. मी मागच्या रविवारी गेलो होतो. कबर डाव्या बाजूला दीड इंच खचली आहे, ते सरळ करता येईल. चौथऱ्याला पूर्वी सिमेंट लावलंय, ते काढून चुना भरला पाहिजे, नाहीतर पाणी आत कोंडतं आणि दगडावर मिठासारखी पूड फुटते. काकूंचं नाव शाबूत आहे, ते मशीननं खोल कापलेलं होतं. खालची ओळ उथळ होती. ती बोटाला लागत नाही. पातळ कागद लावून वरून शिसपेन्सिल आडवी घासली, तेव्हा ‘जेवून’खालच्या दोन रेघा उठल्या आणि शेवटच्या ‘मी’चा दांडा. बाकी सगळा खडबडीतपणा, खडीसाखरेसारखा.

तिथे काका भेटले. गेल्या नोव्हेंबरपासून दर रविवारी चर्चनंतर येतात, हे तू मला कधी सांगितलं नव्हतंस. माहीत नसेल तुलाही. घडीची खुर्ची घेऊन येतात. मला बघून उठायला लागले. म्हटलं, बसा काका.

‘हेरंब, ये. सुखदा म्हणाली, तू बघणार आहेस.’
‘हो काका.’
‘होईल का रे काही?’
‘बघतो.’
‘नाही झालं तरी चालेल,’ म्हणाले. ‘मला पाठ आहे ते. पोरीला बघायचं असतं.’

मग पिशवीतून संत्रं काढलं, सोललं, अर्धं मला दिलं. म्हणाले, ‘तुम्हा मुलांचं काय बिनसलं ते विचारत नाही. पण त्या दिवशी तू होतास म्हणून मी तिला सावरू शकलो. माझ्यात त्राण नव्हतं. तू त्या माणसाला धरलंस, मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. ख्रिस्ती माणसानं असं वाटून घेऊ नये.’

मी संत्र्याच्या फोडी हातात धरून बसलो. खाता आल्या नाहीत. ते म्हणाले, ‘आंबट आहे का?’

अजून लिहितो, पण आज नाही. तू अंबादासना हात लावू देऊ नकोस म्हणालीस, मी लावू दिलेला नाही. त्यांना त्या फाटकातून आत सोडतही नाहीत. मी दगडाचे फोटो काढून त्यांना दाखवतो, ते इथे बसून सांगतात.

काळजी घे. खरंच घे.

हेरंब


२४ ऑक्टोबर २०२५

सुखदा,

दिवाळी होऊन तीन दिवस झाले. बाहेर इतका धूर आहे की समोरचा टॉवर दिसत नाही. आईनं करंज्या डब्यात भरून ठेवल्यात ‘कबरस्तानवाल्या काकांना’ द्यायला. ती अंबादासना असंच म्हणते. एकदा भेटली आणि तिचं सुतकच फिटलं.

हे पत्र मी चौथ्यांदा लिहितोय. पहिल्या तिन्हींत मी आधी कारणं लिहिली होती. या वेळी आधी तेच लिहितो.

ॲसिड मी ओतलं.

मागच्या वर्षी, सत्तावीस ऑक्टोबरला, रविवारी सकाळी. आमच्या बाथरूममधली बाटली, संडास धुवायची. तू म्हणाली होतीस, मम्मीचा दगड काळवंडलाय, दोन तारखेला लाज वाटते, सगळ्यांच्या कबरी कशा झेंडूनं आणि मेणबत्त्यांनी भरलेल्या असतात. मला वाटलं, तू यावंस आणि तो दुधासारखा पांढरा दिसावा. मी काही बोलणार नव्हतो. तू विचारल्यावर नुसता हसणार होतो. मेट्रोत बसून मी ते हसण्याची प्रॅक्टिस करत होतो, एवढा मूर्ख.

अंबादास झाडांना पाणी घालत होते. लांबून म्हणाले, ‘बाबा, संगमरवरावर ते नको. नुसत्या पाण्यानं व्हतंय, मी करून देतो.’ मी त्यांना म्हणालो, ‘तू अपना काम कर.’ ‘तू’ म्हणालो मी त्यांना.

ओतलं तर फेस आला. मला वाटलं मळ निघतोय. मला आनंद झाला, सुखदा. मी आणखी ओतलं. जिथे जास्त काळं होतं तिथे, म्हणजे अक्षरांवर, जास्त. फडक्यानं पुसलं तर अक्षरांतला काळा रंग फडक्यावर आला. तरी मला वाटलं, रंग काय, परत भरू. मग बोट फिरवलं. चोखलेल्या गोळीसारखं लागलं. वाळत गेलं तसं काहीच दिसेना.

मी बाटली त्यांच्या शेडमागे ठेवली. वर्षभर मी स्वतःला विचारतोय, मुद्दाम ठेवली का. मला लपवायची होती आणि ती जागा जवळ होती. पण तिथे सापडली तर कुणावर येईल, हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं असं मी शपथेवर म्हणू शकत नाही. म्हणून म्हणत नाही.

आणि सहा दिवसांनी मी त्यांची कॉलर धरली. माझ्याच भीतीनं धरली. तू नंतर माझ्या खांद्यावर डोकं ठेवलंस, तेव्हा मला ॲसिडचा वास येत होता, माझ्या हाताला, सहा दिवस साबणानं धुतलेल्या. त्यानंतर तू जेव्हा जेव्हा दगडाचं नाव काढलंस, मला राग यायचा. तुझा नाही. पण निघायचा तुझ्यावरच. आठ मार्चचं कारण हे. कारण म्हणजे माफी नाही, हे मला कळतं.

अजून एक आहे. नोव्हेंबरमध्ये तू सगळ्या नातेवाइकांना, चर्चच्या ग्रुपवर, मित्रांना विचारलंस, कुणाकडे मम्मीच्या ओळीचा जवळून काढलेला फोटो आहे का. जे आले त्यांत फुलं होती, माणसं होती, अक्षर कुठेच धड नव्हतं. मला तीनदा विचारलंस. मी तीनदा नाही म्हणालो.

माझ्याकडे होता. ओतण्याआधी मीच काढला होता, अगदी समोरून, सकाळच्या तिरप्या उन्हात. आधी असा, नंतर असा, तुला दाखवायला. त्यात एकेक काना दिसतो. ‘येते’वरच्या मात्रा थोड्या घाईत दिलेल्या दिसतात. पण फोटोवर तारीख होती, आणि माझी बादली कोपऱ्यात आली होती. तू झोपत नव्हतीस आणि तो माझ्या खिशात होता.

पाकिटात त्याची मोठी प्रिंट आहे. बादली कापलेली नाही.

आता अंबादासांबद्दल. पाच महिने आम्ही शेजारी बसून दगड घासले आणि दोघांपैकी कुणी हा विषय काढला नाही. सप्टेंबरमध्ये, काकांनी संत्रं दिलं त्याच्या दुसऱ्या दिवशी, मी विचारलं, ‘तुम्ही मला बघितलं होतं ना?’

‘बघितलं की.’
‘मग त्या दिवशी बोलला का नाही?’

ते चुना भिजवत होते. हात न थांबवता म्हणाले, ‘पोरीच्या आईचं अक्षर गेल्यालं. ती तुज्याच खांद्याला धरून हुभी. म्हटलं, आता ह्याचं नाव घेतलं तर तिला धरायला कोण? येका दिवसात किती काढून घ्यायचं तिचं.’
‘पण तुमचं काम गेलं.’
‘गेलं. मला वाटलं, तू दोन-चार दिवसांत सांगशील. तरणा हायेस, भ्यालाय, सांगशील.’ मग चुना ढवळत म्हणाले, ‘लई दिवस लावलेस पण.’

एवढंच. ओरडले असते तर मला उलट ओरडता आलं असतं.

त्यानंतरही मी महिनाभर गप्प होतो, हे लक्षात घे. कारण सुटण्याची एक वाट दिसत होती. फोटो होता. अक्षर पुन्हा कोरता येतं. फोटो दगडाच्या मापाचा छापायचा, चिकटवायचा, बारीक टाकीनं जायचं. मी भंगारातल्या संगमरवराच्या तुकड्यांवर शिकलो. अकराव्या तुकड्यावर इतकं जमलं की फोटोतलं कुठलं आणि माझं कुठलं, मलाच ओळखू येईना. दोन दिवसांचं काम होतं. तू आली असतीस, ओळ जागेवर असती, काकांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला असता, आणि कदाचित तू मला सगळीकडून अनब्लॉक केलं असतंस. फोटो कुठून आला विचारलंस तर जुन्या फोनमध्ये सापडला म्हणायचं, हेही ठरलं होतं.

तो अकरावा तुकडा मी अंबादासना दाखवला. त्यांनी उन्हात धरून नीट बघितला. म्हणाले, ‘हात चांगला बसलाय तुजा.’ मग तुकडा माझ्या हातात परत देत म्हणाले, ‘पर हे बाईनं लिवल्यालं न्हाई. तू लिवल्यालं हाय. लेकीला सांगून लिवलं तर ते काम. न सांगता लिवलं तर दुसऱ्यांदा ॲसिड.’

मी तो तुकडा फेकून दिला आणि चिडून घरी गेलो. दोन दिवस त्यांच्याकडे गेलो नाही. तिसऱ्या दिवशी काकूंच्या दगडाकडे गेलो आणि तेवढंच केलं जे न विचारता करायला हरकत नव्हती. कबर सरळ केली. सिमेंट काढून चुना भरला. काळी खपली लेपानं काढली. ओळीच्या जागेला हात लावला नाही. ती तिथे कोरीच आहे, दीड वीत लांब, बाकी दगडापेक्षा खरखरीत. येशील तेव्हा दिसेल. वाईट दिसते. तुला आधीच सांगून ठेवतो.

काल मी कमिटीच्या ऑफिसात जाऊन लिहून दिलं. काय केलं, कोणत्या तारखेला, बाटली कुणी ठेवली, सगळं. सेक्रेटरीसाहेबांनी दोनदा वाचलं आणि म्हणाले, ‘बेटा, ये तुम क्यों लिख रहे हो, मामला तो बंद हो गया.’ मी म्हणालो, अंबादासचा बंद नाही झालेला. त्यांनी अंबादासना बोलावलंय. ते परत जातील की नाही, ठाऊक नाही. ‘बघू,’ म्हणाले, ‘हितली लेकरं कोण बघंल?’ लेकरं म्हणजे गाझियाबादचे दगड.

तिथून मी पीतमपुऱ्याला तुमच्या घरी गेलो. काकांना तोंडी सांगितलं. पत्रातून सांगणं बरोबर वाटलं नाही. टेबलाकडे बघत ते म्हणाले, ‘तू आता जा.’ ओरडले नाहीत. दार मीच ओढून घेतलं. सुखदा, त्यांना फोन कर. हे पत्र मिळाल्यावर नाही, वाचायला सुरुवात करतानाच करायला हवा होतास, पण मला हे वर लिहायचं सुचलं नाही. आज कर.

दोन नोव्हेंबरला रविवार आहे. मी त्या दिवशी तिकडे फिरकणार नाही, तुम्हाला मला बघायला लागू नये. अंबादासना मी विचारलंय, तू आलीस तर भेटाल का. म्हणाले, ‘तिनं बोलावलं तर. आपणहून न्हाई.’ त्यांचा नंबर प्रिंटच्या मागे लिहिलाय. ओळ पुन्हा कोरायची की तशीच ठेवायची, ते तू आणि काकांनी ठरवायचं. कोरायची ठरली तर अंबादास ओळखीच्या कारागिराचं नाव देतील. माझा हात त्यात नको असेल, तेही बरोबर आहे. तो फोटो आता तुझा आहे. माझ्या फोनमधून मी तो काढून टाकलाय.

मी तुझ्यावर प्रेम करतो, हे या पत्रात कुठे लिहावं ते कळलं नाही. कुठेही लिहिलं तरी काहीतरी मागितल्यासारखं वाटत होतं. म्हणून इथे, शेवटी, उत्तराची जागा न ठेवता.

कमिटीला दिलेल्या कागदावर जशी सही केली, तशीच इथे करतो.

हेरंब दिगंबर टिळेकर